रासेयो एककाची तपासणी: गाव आधी, फाइल नंतर

राष्ट्रीय सेवा योजनेची (रासेयो) तपासणी समिती कॉलेजात पोचते तेव्हा टेबलावर नोंदवह्यांची चळत तयार असते. शेजारी फोटोंचा अल्बम, वर्तमानपत्रांतली कात्रणं, गेल्या वर्षीचं प्रशस्तिपत्र. हे सगळं चाळून, शेरा लिहून, चहा घेऊन दोन तासांत निघता येतं. पण अशा तपासणीत कळतं ते एवढंच की कार्यक्रम अधिकाऱ्यांचं, म्हणजे एककाची जबाबदारी असलेल्या प्राध्यापकांचं, दप्तर नीटनेटकं आहे. स्वयंसेवकांनी ठरलेले तास खरंच काम केलं का, दत्तक गावाला त्याचा उपयोग झाला का, शिबिरात मुलं-मुली सुरक्षित होती का, याची उत्तरं नुसत्या दप्तरात मिळत नाहीत. म्हणून विद्यापीठाच्या राष्ट्रीय सेवा योजना विभागातर्फे किंवा जिल्हा समन्वयक म्हणून तपासणीला जाणाऱ्यांनी क्रम उलटा ठेवावा. आधी स्वयंसेवकांशी बोलावं, मग गावात जावं, त्यानंतर नोंदवह्या उघडाव्यात आणि हिशेब शेवटी घ्यावा. हिशेबाला बसेपर्यंत नेमकं काय शोधायचं ते ठाऊक झालेलं असतं.

निघण्यापूर्वी

निकष तोंडपाठ हवेत. एका एककात, म्हणजे कॉलेजातल्या रासेयोच्या एका गटात, साधारण १०० स्वयंसेवक आणि त्यांच्यासाठी एक कार्यक्रम अधिकारी. प्रत्येक स्वयंसेवकानं वर्षाला १२० तास, म्हणजे दोन वर्षांत २४० तास नियमित काम करायचं आणि त्याखेरीज सात दिवसांचं एक विशेष शिबिर पूर्ण करायचं. शिबिराचे तास १२० मध्ये धरायचे नसतात. सर्वांत जास्त एककं चुकतात ती इथेच. १२० तासांची ढोबळ विभागणी २० तास उद्बोधन, ३० तास महाविद्यालयाच्या आवारातलं काम आणि ७० तास समाजातलं काम अशी आहे. शिबिराला एककातले निम्मे, म्हणजे ५० स्वयंसेवक अपेक्षित असतात. कार्यक्रम अधिकाऱ्याची मुदत तीन वर्षांची, फार तर एका वर्षाची वाढ, आणि नेमणुकीनंतर उद्बोधन प्रशिक्षण आवश्यक. स्वयंअर्थसहाय्यित एककाला सरकारी अनुदान नसतं, पण कामाचे निकष तेच लागू होतात.

विद्यापीठातून निघताना पाच कागद सोबत घ्या: एककाची मंजूर स्वयंसेवकसंख्या, त्या वर्षी वितरित झालेल्या अनुदानाची रक्कम आणि तारीख, शिबिराचं मंजुरीपत्र, त्या वर्षीच्या दरांचं परिपत्रक आणि मागच्या तपासणीचा अहवाल. दर आठवणीतून सांगू नका, ते बदलतात. महाविद्यालयाचं शैक्षणिक वेळापत्रक आणि परीक्षांच्या तारखा संकेतस्थळावरून आधीच उतरवून ठेवा. पुढे कार्यदैनंदिन्या, म्हणजे स्वयंसेवकांच्या कामाच्या तासांच्या वह्या, तपासताना हा एक कागद सगळ्यात जास्त कामाला येतो.

समितीत दोन-तीन जण पुरेत, त्यात एक महिला हवीच. ज्याचा त्या संस्थेशी नोकरीचा किंवा नात्याचा संबंध आहे त्याला घेऊ नये. नियमित तपासणीची तारीख तीन-चार दिवस आधी कळवायला हरकत नाही, कारण स्वयंसेवक त्या दिवशी हजर असायला हवेत. मात्र गावात जाणार आहोत आणि कुठलं काम बघणार आहोत हे आधी सांगायचं नाही. शिबिराची भेट पूर्णपणे न कळवता करावी.

स्वयंसेवकांशी बोलणं

कार्यक्रम अधिकारी जे विद्यार्थी समोर आणून उभे करतात ते एककाचे सर्वांत चुणचुणीत विद्यार्थी असतात. त्यांच्याशी बोला, पण तेवढ्यावर निष्कर्ष काढू नका. नावनोंदणी रजिस्टर मागून घ्या आणि दर पाचवं नाव निवडा. शंभरातून वीस नावं होतात. त्यांच्या कार्यदैनंदिन्या बाजूला काढायला सांगा आणि त्यातले जे हजर असतील त्यांना एकेकट्याला बोलवा. वीसपैकी सात-आठच त्या दिवशी कॉलेजात असले तर चालेल. पण वीसपैकी दहा नावांचे विद्यार्थी वर्गशिक्षकांनाही आठवत नसतील, तर नोंदणी आकडा भरण्यासाठी झालेली आहे. ही नावं केंद्र सरकारच्या मेरा युवा भारत पोर्टलवरच्या नोंदणीशीही ताडून बघा. रजिस्टर, पोर्टल आणि विद्यापीठाला पाठवलेली यादी अशा तीन ठिकाणी तीन वेगळे आकडे सापडणं मुळीच दुर्मीळ नाही.

प्रश्न साधे ठेवा. दत्तक गाव कुठलं, तिथे कसं जातोस, शेवटचं काम कुठलं केलंस, त्या दिवशी हातात कुठलं अवजार होतं, सोबत कोण होतं. मग त्याच्याच दैनंदिनीतली एखादी नोंद काढा आणि विचारा, "सोळा तारखेला चार तास लिहिलेत, त्या दिवशी काय केलं ते सांग बरं." काम केलेला मुलगा सनावळीत गोंधळेल, पण कामाचा तपशील सांगेल: कुदळीचा दांडा निघाला होता, दगड लागला, आजींनी ताक दिलं. काम न केलेला "स्वच्छता अभियान राबवलं" या वाक्याच्या पुढे जात नाही. एवढा फरक पुरेसा असतो. मुलांना दरडावण्याची गरज नाही आणि त्यांच्या उत्तरावरून कार्यक्रम अधिकाऱ्यांना त्यांच्यासमोर बोल लावणं तर अजिबात नको. पुढच्या वेळी मुलं खरं सांगणार नाहीत.

दैनंदिनी तपासताना तीन गोष्टींकडे लक्ष द्या. वर्षभराच्या नोंदी एकाच पेनानं, एकाच दाबानं लिहिलेल्या असतील तर त्या एका बैठकीत भरलेल्या आहेत. परीक्षेच्या दिवशी किंवा दिवाळीच्या सुट्टीत कामाचे तास दाखवले असतील तर उतरवून आणलेल्या वेळापत्रकाशी ताडून तारीख लिहून घ्या. आणि वीस दैनंदिन्यांत शब्द न् शब्द तीच वाक्यं असतील तर ती फळ्यावरून उतरवलेली असतात. मात्र इथे तारतम्य हवं. तास खरे आणि नोंद उशिरा केलेली, ही शिस्तीतली उणीव आहे. तास झालेच नाहीत आणि नोंद आहे, ही खोटी नोंद आहे. अनेक विद्यापीठांत रासेयोच्या जोरावर वाढीव गुण मिळतात, त्यामुळे दुसऱ्या प्रकारात प्रामाणिक विद्यार्थ्यावर थेट अन्याय होतो. अहवालात या दोन गोष्टी एकाच वाक्यात कोंबू नका.

गावात काय बघायचं

सरपंचांचा दाखला फाइलमध्ये असतोच. तो बहुधा कॉलेजातच टाइप केलेला असतो आणि सरपंचांनी सौजन्यानं सही केलेली असते. त्याला पुरावा मानू नका. गावात गेल्यावर अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती, जिल्हा परिषद शाळेचे मुख्याध्यापक आणि ज्या वस्तीत काम झालं तिथली दोन घरं, एवढ्यांना भेटा. "कॉलेजची मुलं आली होती का?" असं विचारलं की सगळे "हो" म्हणतात, गावाला पाहुण्यांचं मन मोडायचं नसतं. त्याऐवजी "ती मुलं नेमकी कुठे काम करत होती, दाखवता का?" असं विचारा आणि त्यांच्यासोबत चालत जा.

श्रमदानाचं काम मोजण्यासारखं असतं, म्हणून सोबत टेप ठेवा. सलग समतल चराचं, म्हणजे उतारावर पाणी मुरवायला एकाच पातळीत खोदलेल्या चराचं, उदाहरण घ्या. चर ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल असेल तर एका मीटर लांबीला ०.१८ घनमीटर खोदाई होते. पन्नास शिबिरार्थींपैकी स्वयंपाक, पाणी आणि व्यवस्थेत दहा जण जातात, उरले चाळीस. रोज तीन तास, पाच दिवस धरले तर एकूण ६०० तास, म्हणजे आठ तासांचे ७५ मनुष्यदिवस. सरावातला मजूर मऊ मुरमात दिवसाला साधारण एक घनमीटर खोदतो. नवख्या विद्यार्थ्याकडून त्याच्या निम्मं झालं तरी चांगलं. म्हणजे ३५ ते ४० घनमीटर, चराच्या लांबीत सुमारे २०० मीटर. अहवालात एक किलोमीटर चर लिहिला असेल तर त्याला १८० घनमीटर खोदाई लागते. इतकं काम पाच दिवसांत फावड्यानं झालेलं नाही. चराच्या भिंतीवर समान अंतरावर समांतर ओरखडे दिसले तर ते जेसीबीच्या बकेटच्या दातांचे असतात. ग्रामपंचायतीनं जेसीबी दिला असेल तर त्यात गैर काही नाही, फक्त ते काम श्रमदानात मोजता येत नाही.

लांबीपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे चर समपातळीत आहे का. हायड्रोमार्करनं किंवा ए-फ्रेमनं (समपातळी आखायची साधनं) आखणी केली होती का, हे गटप्रमुखाला विचारा. एक पावसाळा उलटलेला असेल तर चरच सांगतो: गाळ सगळीकडे सारखा बसलेला असेल तर आखणी बरोबर होती, एका टोकाला गाळ आणि तिथेच बांध फुटलेला असेल तर चरानं पाणी मुरवण्याऐवजी वाहून नेलं.

काम कुठल्या महिन्यात झालं, हे अनेक तपासनीस विचारतच नाहीत. वनराई बंधारा, म्हणजे माती भरलेल्या गोण्यांचा तात्पुरता बांध, पावसाळा सरल्यावर ओढ्याला पाणी वाहतं असताना, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमाराला घालायचा असतो. बहुतेक हिवाळी शिबिरं डिसेंबर-जानेवारीत होतात. तोवर अवर्षणग्रस्त भागातला ओढा कोरडा पडलेला असतो. कोरड्या पात्रात सिमेंटच्या रिकाम्या गोण्या माती भरून रचल्या तर फोटो छान येतो, पण त्यामागे थेंबभर पाणी अडत नाही. तसंच वृक्षारोपणाचं. जानेवारीत लावलेलं रोप उन्हाळाभर कुणी पाणी घालणार नसेल तर ते एप्रिल बघत नाही. म्हणून या वर्षी लावलेली झाडं मोजण्यात वेळ घालवू नका. गेल्या वर्षीच्या अहवालातला आकडा घ्या, ती जागा शोधा आणि जगलेली झाडं मोजा. तीनशे लावली आणि पस्तीस जगली असतील तर तसंच लिहा, सोबत कारणही: कुंपण नव्हतं, शेळ्यांनी खाल्ली, की पाण्याची जबाबदारीच ठरवलेली नव्हती. दोष दाखवण्यापेक्षा हे कारण पुढच्या आराखड्याला जास्त उपयोगी पडतं.

सांडपाणी जिरवायचा शोषखड्डा उघडता येत नाही, पण वापरात आहे की नाही ते दिसतं. खड्ड्याच्या तोंडाशी सांडपाणी तुंबलेलं असेल तर बहुतेक वेळा आत दगडगोट्यांऐवजी माती-मुरूम भरलेला असतो किंवा गाळ अडवायला वरती भोकं पाडलेलं मडकं वा जाळी बसवलेली नसते. घरातल्या बाईंना विचारा, त्या खड्डा कधीपासून भरला ते नेमकं सांगतात.

शिबिराची भेट

शिबिराला भेट द्यायची तर उद्घाटन आणि समारोप सोडून मधल्या दिवशी द्या. पहाटेच्या व्यायामाची वेळ किंवा रात्रीच्या जेवणानंतरची, या दोन वेळा उत्तम. दुपारी बौद्धिक सत्राला सगळे बसलेले असतात, त्यातून काही कळत नाही. पोचल्यावर सर्वप्रथम हजेरी घ्या: मंजूर ५०, हजेरीपटावर ४८ आणि समोर ३१ असतील तर उरलेले १७ कुठे आहेत ते तिथल्या तिथे लिहून घ्या. कुणी घरी गेला असेल तर परवानगीचा अर्ज आणि पालकांशी बोलणं झाल्याची नोंद हवी.

इथे तपासणीचा खरा विषय सुरक्षितता आहे, आणि त्यात सवलत देऊ नये. मुलींची राहण्याची सोय स्वतंत्र, आतून कडी लागणाऱ्या खोलीत आहे का आणि रात्री महिला प्राध्यापक तिथेच मुक्कामाला आहेत का. "दिवसा मॅडम असतात" हे उत्तर चालणार नाही. स्वच्छतागृहात पाणी आणि उजेड आहे का. पालकांची संमतिपत्रं शिबिरस्थळीच आहेत का, की कॉलेजच्या कपाटात. प्रथमोपचार पेटी उघडून बघा. मुदत संपलेली औषधं आणि रिकामी जंतुनाशकाची बाटली हमखास सापडते. जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किती किलोमीटरवर, तिथे सर्पदंशावरचं प्रतिविष इंजेक्शन आहे का आणि रात्री न्यायला गाडी कुणाची, हे तीन प्रश्न कार्यक्रम अधिकाऱ्यांनी शिबिर सुरू होण्याआधी सोडवलेले असायला हवेत. विहीर, तलाव, नदी जवळ असेल तर पोहायला बंदी आहे हे मुलांना स्पष्ट सांगितलं आहे का, ते मुलांनाच विचारा. श्रमदानात पाण्यात उतरायचं काम असेल तर गावातला पट्टीचा पोहणारा आणि दोर जागेवर हवा.

यातलं काही गंभीर आढळलं तर अहवालाची वाट बघू नका. त्याच वेळी प्राचार्यांना फोन करा, काय दुरुस्त करायचं ते लेखी देऊन पोच घ्या आणि विद्यापीठाच्या रासेयो संचालकांना कळवा. तपासनीसाला शिक्षा करण्याचा अधिकार नसतो, पण वेळेवर कळवण्याची जबाबदारी निश्चित असते.

नोंदवह्या आणि हिशेब

आता फाइल उघडा. कार्यक्रम नोंदवहीतले सगळे उपक्रम उद्बोधन, आवार आणि समाज अशा तीन रकान्यांत टाकून तासांची बेरीज करा. जयंत्या, पुण्यतिथ्या, शपथा, रॅली आणि व्याख्यानं यांतच नव्वद तास गेलेले असतील तर एककानं समाजातल्या ७० तासांचा निकष पाळलेला नाही, मग यादी कितीही लांबलचक असो. प्रत्येक कार्यक्रमाला शंभरपैकी शंभर हजर दाखवले असतील तर हजेरीपटावरच्या सह्या दैनंदिनीतल्या सह्यांशी जुळवा. सल्लागार समितीच्या इतिवृत्तात वार्षिक आराखडा आणि अंदाजपत्रक मंजूर झालेलं आहे का आणि त्या बैठकीला गावाचा प्रतिनिधी होता का, तेवढं बघून पुढे जा.

हिशेबात सुरुवात कॅशबुकापासून न करता बँक पासबुकापासून करा. रासेयोचं खातं स्वतंत्र हवं, प्राचार्य आणि कार्यक्रम अधिकारी यांच्या संयुक्त सहीचं. अनुदान जमा झाल्याची तारीख आणि रक्कम विद्यापीठाच्या पत्राशी जुळवा, मग प्रत्येक पैसे काढल्याची नोंद व्हाउचरशी. व्याज वेगळं दाखवलं आहे का तेही बघा.

किराणा बिलं हा शिबिराच्या हिशेबातला सर्वांत बोलका भाग. पन्नास जण सात दिवस म्हणजे ३५० मनुष्यदिवस. माणशी रोज १५० ग्रॅम तांदूळ, २५० ग्रॅम कणीक, ७५ ग्रॅम डाळ धरली तर सुमारे ५२ किलो तांदूळ, ८८ किलो कणीक आणि २६ किलो डाळ लागते. पाहुणे आणि वाया जाणारं धरून यात पाव भाग वाढवा. बिलात दोन क्विंटल तांदूळ दिसला तर विचारायलाच हवं. एकाच दुकानाची वेगवेगळ्या तारखांची बिलं क्रमांकानं सलग असतील, म्हणजे ३ तारखेचं बिल २१४ आणि ९ तारखेचं २१५, तर ती एकाच वेळी फाडलेली असण्याची शक्यता मोठी. साताऱ्याच्या शिबिराला पुण्यातून भाजी घेतलेली असेल तर त्याचंही कारण हवं.

पण एक गोष्ट प्रत्येक तपासनीसानं लक्षात ठेवावी. अनुदान बहुधा उशिरा येतं. शिबिर जानेवारीत, पैसे मार्चच्या अखेरीस किंवा त्याहून नंतर. मधल्या काळात कार्यक्रम अधिकारी संस्थेकडून अग्रिम (उचल) घेतात, नाहीतर स्वतःच्या खिशातून भागवतात. अशा वेळी बिलाची तारीख आणि रक्कम अदा केल्याची तारीख यांत अंतर पडणारच. अग्रिम घेतल्याचं पत्र, त्याचा परतावा आणि कॅशबुकातली नोंद असेल तर हिशेब स्वच्छ आहे. तारखा जुळवायला नंतर बिलं बदलून घेतली की खरा खर्चसुद्धा संशयास्पद दिसतो. कार्यक्रम अधिकाऱ्यांना हे समजावून सांगा: उशीर लपवू नका, जसा झाला तसा लिहा. अध्यापनाचा पूर्ण भार सांभाळून हे काम करणाऱ्या माणसाला अपहार करणाऱ्याच्या पंक्तीत बसवणं चूक आहे, आणि त्यामुळे चांगले प्राध्यापक ही जबाबदारी घ्यायला तयार होत नाहीत.

डेडस्टॉक रजिस्टर (टिकाऊ सामानाची नोंदवही) घेऊन प्रत्यक्ष खोलीत जा. फावडी, टिकाव, घमेली, पहारी, सतरंज्या, ध्वनिक्षेपक मोजा. रजिस्टरमध्ये ३० घमेली आणि खोलीत ११ असतील तर तुटल्याची नोंद आणि निर्लेखनाचा (वस्तू नोंदीतून कमी केल्याचा) ठराव मागा. उपयोगिता प्रमाणपत्रावरचा (अनुदान खर्च झाल्याच्या दाखल्यावरचा) आकडा कॅशबुकाच्या बेरजेशी रुपयापर्यंत जुळला पाहिजे.

अहवाल

"काम समाधानकारक आहे, दप्तर अद्ययावत ठेवावे" हा शेरा कुठल्याही एककाला लावता येतो, म्हणून तो निरुपयोगी आहे. प्रत्येक मुद्द्यात निकष, काय आढळलं, कुठे आढळलं आणि किती दिवसांत काय करायचं, एवढं हवं. नमुना असा: "तपासलेल्या २० दैनंदिन्यांपैकी ७ मध्ये १४ ऑगस्ट रोजी ४ तास नोंदवले आहेत, हजेरीपट पान १८ वर या सातजणांच्या सह्या नाहीत. ते २८ तास वजा करून सुधारित गोषवारा ३० दिवसांत पाठवावा." मूळ नोंदवह्या सोबत नेऊ नका, हव्या त्या पानाचा फोटो कार्यक्रम अधिकाऱ्यांसमोर घ्या. चांगलं काम तितक्याच तपशिलात लिहा, कारण इतर एककांना नमुना तिथूनच मिळतो.

निघण्यापूर्वी प्राचार्य आणि कार्यक्रम अधिकारी दोघांना एकत्र बसवून निष्कर्ष वाचून दाखवा आणि त्यांचं म्हणणं अहवालाला जोडा. शाल, श्रीफळ, भेटवस्तू घेऊ नये. जेवण साधं आणि सगळ्यांबरोबर. त्रुटी दूर केल्याचा पूर्तता अहवाल आला की तो तसाच फाइलला लावू नका. त्यातले दोन मुद्दे निवडून पुन्हा प्रत्यक्ष तपासा, आणि त्यातला एक गावातला असू द्या.